पुढच्या चाकाचा चौथा नट

दादा गेला तो सोमवार होता. तो कंपनीतून आला, बूट काढले, वहिनींकडे पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत खुर्चीत गेला. फोन आला तेव्हा मी रोह्यात कॉलेजात तासावर होतो. मी वर्ग सोडला, पिशवी घेतली आणि स्टेशनवर गेलो. पेणला पोहोचलो तेव्हा त्याला खाली ठेवलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. बऱ्याचदा बसलो, जमलं नाही. जे लिहिता येतंय ते त्याच्या मोटरसायकलबद्दल आहे, आणि त्यातही बहुतेक एका नटाबद्दल.

दादा डोलवीला कंपनीत मशिनांच्या देखभालीवर इंजिनिअर होता. माझ्याहून मोठा. त्याची मोटरसायकल त्याच्यासारखीच उंच आणि काटक होती. सीट माझ्या कमरेच्या वर, मडगार्ड चाकापासून हातभर सुटलेलं, टायरवर रबराचे जाड जाड ठोकळे. डांबरी रस्त्यावर ती नीट चालायची आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरच्या मातीतही चालायची. त्याने ती घेतली होती ते त्या बांधांसाठीच. सुट्टीच्या दिवशी खाडीच्या बाजूला जायचं, बांधावरून शेवटपर्यंत, आणि जिथे बांध फुटलेला असेल तिथून मागे वळायचं, एवढाच त्याचा शौक. ती गाडी बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. सुटे भाग मिळायचे नाहीत, म्हणून तो तिला जपायचा, आणि जपणं म्हणजे त्याच्या मते वेळच्या वेळी उघडणं आणि पुन्हा नीट आवळणं.

शनिवारी मी मेमू गाडीने पेणला जायचो. मागच्या पडवीत तो पाटावर बसलेला असायचा, गाडी शेजारी, आणि माझ्यासाठी खुर्ची. माझं काम वाचायचं. गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक इंग्रजी होतं, झेरॉक्स काढून बांधून घेतलेलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण हात ग्रीसने भरलेले, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि मला वाटतं त्याला माझा आवाज सोबतीला हवा असायचा.

"पुढच्या एक्सलच्या पकडीचे नट," मी वाचायचो. "बारा."

"बारा काय? वाजले?"

"न्यूटन मीटर."

"मग तसं पूर्ण वाच. पोरांचे अर्धे मार्क कापतोस ना?"

मग तो टॉर्क रेंचची मूठ फिरवून आकडा लावायचा. हा पाना लांब दांड्याचा असतो. नट जितका आवळायचा तितका आकडा आधी त्यावर लावून ठेवायचा. तेवढा जोर झाला की पाना 'टक' असा आवाज करतो आणि हाताला थोडा सैल पडतो. तिथे थांबायचं. दादा तिथे थांबायचा. मी इतिहास शिकवतो. थांबायची जागा आधीच ठरलेली असते, असं माझ्या विषयात कधी सापडलं नव्हतं. म्हणून तो आवाज मला आवडायचा.

नट आवळून झाला की तो त्यावर रंगाची बारीक रेघ ओढायचा. नटावरून सुरू होऊन शेजारच्या धातूवर संपणारी एकच सरळ रेघ. पुढे कधी नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. हे तो कंपनीत शिकला होता. रंग मात्र पेणजवळच्या जोह्याहून आणलेला. तिथल्या गणपतींच्या एका कारखान्यात त्याचा दोस्त मूर्ती रंगवायचा, त्याने एका डबीत पिवळा काढून दिला होता, पितांबराचा. त्या गाडीवर जिथे तिथे पितांबराच्या रेघा होत्या.

घरात आणि आळीत सगळे म्हणायचे, दोघा भावांनी ती गाडी जिवंत ठेवली. मी कधी दुरुस्ती केली नाही, म्हणजे त्या वाक्याचीही नाही. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

दादाची मुलगी पुण्यात नोकरी करते. तीही इंजिनिअर. वर्षश्राद्ध होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही असं वहिनींनी ठरवलं होतं, आणि तोवर ती पडवीत जुन्या चादरीखाली उभी होती. वर्ष होत आलं तसं पुतणीने सांगितलं की गाडी ती पुण्याला नेणार. वहिनींना भीती वाटत होती. जुनी गाडी, घाट, एकटी मुलगी. त्यांनी मला फोन केला.

"भाऊजी, तुम्ही एकदा सगळी बघून द्या. तुमचा हात फिरला म्हणजे मला घोर नाही."

मी म्हणायला हवं होतं की वहिनी, माझा हात तिच्यावर कधी फिरलेलाच नाही, गॅरेजवाल्याला बोलवा. मी म्हणालो, "या शनिवारी येतो."

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण हे की मला त्या पडवीत पुन्हा बसायचं होतं. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. दादा गेल्यावर त्या घरात माझी जागा काय हे मला कळेनासं झालं होतं, आणि गाडीची माहिती असलेला माणूस ही एक जागा रिकामी होती.

एका जागी उभं राहून पुढच्या टायरला चिरा पडल्या होत्या. मी चाक काढलं, रिक्षात घालून टायरवाल्याकडे नेलं, नवा टायर चढवून आणला. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम झालं आणि मला थोडा गर्वही वाटला. चाक परत बसवताना एक्सल, म्हणजे चाकाचा आस, दोन्ही बाजूंना धरून ठेवावा लागतो. त्या गाडीत एका बाजूला त्यासाठी एक पकड आहे, आणि ती पकड चार स्टडांवर चार नटांनी आवळलेली असते. स्टड म्हणजे एका टोकाने धातूत कायमचा रुतलेला आणि दुसऱ्या टोकाला आटे पाडलेला दांडा. हे स्टड करंगळीहून बारीक. पुढचं चाक त्यांच्या भरवशावर.

शेजारचे एक गृहस्थ कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांचं बालपण मिठागरावर गेलेलं, आता मुलाकडे निवांत असतात.

"मास्तर, तुमी? सायकलची चेन तरी बसवली काय कधी?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका. त्यांनी आणि ह्यांनी मिळूनच सांभाळली आहे ती."

"व्हय काय? मंग ग्रीस लावा भरपूर. आपली हवा खारी हाय. कोरडा नट ठेवलात तर दोन पावसाळ्यांत दगड व्हतो, छिन्नीनं तोडावा लागतो."

ते खरं होतं. खाडीच्या अंगाला ग्रीसशिवाय नट कुणी बसवत नाही, दादाही बसवत नसे. मी चारही स्टडांना ग्रीस चोपडलं. पुस्तक खुर्चीवर उघडं होतं पण मला बघायची गरज नव्हती. तो आकडा मला पाठ होता. मी पाना बारावर लावला.

तीन नट टक झाले. प्रत्येकाला मी मन भरेना म्हणून आणखी एकदा टक करून घेतलं. चौथ्याला टक झालंच नाही. पाना फिरत राहिला. आधी थोडा ताठ, मग मऊ, लोण्यात चमचा फिरावा तसा. हाताला कळत होतं की काहीतरी बरोबर नाही. पण आवाज अजून आला नव्हता आणि मी आवाजाची वाट बघत होतो. मग नट माझ्या हातात आला. त्याच्या पोटात स्टडचं तुटलेलं टोक होतं, आणि तुटलेल्या जागी धातू चमकत होता.

वहिनी आत फोनवर बहिणीशी बोलत होत्या. खिडकीतून ऐकू येत होतं. "भाऊजी आलेत ना, तेच करतायत. नाही, आता मला काही चिंता नाही."

मी पडवीत बसून राहिलो. तुटकं टोक पकडीत राहिलेल्या टोकाशी जुळवलं तर नट अगदी जागच्या जागी बसतो हे माझ्या लक्षात आलं. थोडं घट्ट ग्रीस मध्ये भरलं की हलतही नाही. मी तसं बसवलं. मनात ठरवलं की पुढच्या आठवड्यात पनवेलहून नवा स्टड शोधून आणायचा, शनिवारी येऊन बदलायचा, कुणाला कळायचं कारण नाही. तोवर बाकीचे तीन आहेत. आणि मग मी दादाची डबी उघडली आणि चारही नटांवर रेघा ओढल्या. चौथ्यावरची सगळ्यात सरळ आली.

त्या आठवड्यात स्टड मिळाला नाही. मी दोन दुकानांत फोन केले. जास्त ठिकाणी केले नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणी विचारत, कशाने तुटला?

वर्षश्राद्ध झालं. पुतणी तीन दिवस राहून मग जाणार होती, पण तिचं ऑफिसचं काही निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या डब्याची पिशवी सीटला बांधून ती म्हणाली, "काका, चला, तुम्हाला रोह्याला सोडते. एक रात्र तुमच्याकडे राहते, उद्या ताम्हिणीतून पुण्याला. गाडीचा अंदाजही येईल." तिने वाकून रेघांवरून नजर फिरवली. "छान आवळलीय. अगदी बाबांसारखी."

तेव्हा सांगायला हवं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या, डोळे भरलेले, हातात दह्याची वाटी. मी हेल्मेट घातलं आणि मागे बसलो.

मागे बसताना मी स्वतःशी म्हटलं की काही झालंच तर दोघांचं होईल. हा विचार मला त्या क्षणी धैर्यासारखा वाटला. वडखळच्या पुढे ट्रकांच्या रांगेत शिरलो तेव्हा त्यातला फोलपणा कळला. मी तिच्या जिवाची भागीदारी तिला न विचारता करून टाकली होती. ती सांभाळून चालवत होती, खड्डा आला की पायांवर थोडी उभी राहायची, दादाची सवय. डोलवीला कंपनीच्या गेटाशी तिने वेग कमी केला, मान वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे बघू लागली. मला मागून फक्त तिची पाठ दिसत होती. पुढचं चाक दिसत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला मी खाली ऐकायचा प्रयत्न करत होतो.

नागोठण्याला रोह्याच्या रस्त्याला वळलो. पुढे भिसे खिंड. चढ, मग उतार, आणि उतारावर ब्रेकचा सगळा भार पुढच्या चाकावर. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. थांबव गाडी."

"चहा?"

"थांबव."

तिने एका टपरीशी गाडी घेतली. मी उतरलो आणि हेल्मेट न काढताच सांगितलं. बहुधा मला काच खाली असलेली हवी होती.

ती पुढच्या चाकाशी उकिडवी बसली. चौथ्या नटाला तिने नख लावलं. नट तिच्या हातात आला. तिने तो तळहातावर उलटा करून आतलं तुटकं टोक बघितलं.

"रंग पण लावलात?"

"लावला."

"बाबांच्या डबीतला."

मी मान हलवली. तिने सीटखालून छोटा पाना काढला आणि बाकीचे तीन नट हळूच तपासले. त्यातला एक मऊ लागला. "हाही ताणलाय," ती म्हणाली. "आकडा किती लावला होता?"

"पुस्तकातला. बारा."

"ग्रीस लावून?"

"ग्रीस तर दादाही लावायचा."

"हो, पण मग आकडा खाली आणायचे ना. पुस्तकातला कोरड्या आट्यांचा असतो. ग्रीस लावलं की नट सहज फिरतो, तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. आपल्याकडे ग्रीस टळत नाही, म्हणून बाबा इथला आकडाच वेगळा धरायचे." तिने वर बघितलं. "तुम्हीच तर वाचून दाखवायचात."

ती मला टोचत नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि ते टोचण्यापेक्षा वाईट होतं. त्या पानावर सुरुवातीलाच ती सूचना आहे, आटे कोरडे आणि स्वच्छ असावेत. मी ती कित्येकदा मोठ्याने वाचली असेल. वाचून पुढच्या ओळीवर गेलो असेन. दादा ऐकायचा, मूठ थोडी मागे फिरवायचा. त्याची मूठ मी बघितली नाही, कारण माझी नजर पुस्तकात होती.

गाडी चालवत न्यायची नाही असं तिने ठरवलं. रोह्याकडे रिकामा परतणारा एक टेम्पो मिळाला. गाडी चढवली, दोर बांधले. मागे कुणीतरी धरून बसायला हवं होतं, मी चढलो. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मधली जाळी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"काय गो, खड्ड्यात घातलीस वाटतं?" ड्रायव्हर म्हणाला.

"हो."

"पोरींनी या असल्या घोड्यावर बसावंच कशाला? बापाची हाय काय?"

"बाबांची."

"मंग तर आज जेवण नाय तुला घरी." तो हसला. "मागं ते कोण, आजोबा?"

"काका. त्यांनी दिली होती नीट करून. मीच जोरात घातली."

मी मागे हँडल धरून बसलो होतो. जाळीतून दोन शब्द टाकले असते तरी पुरलं असतं, की नाही बाबा, तिची चूक नाही. खिंड चढून उतरलो. मी ते दोन शब्द टाकले नाहीत. चौथा नट तुटला त्याची मला लाज वाटते, झाकला त्याची जास्त वाटते, पण हा लेख लिहायला बसलो तेव्हा हात थांबला तो त्या टेम्पोपाशी. तिथे मला कुणाची भीती नव्हती. तो ड्रायव्हर मला पुन्हा कधी भेटणार नव्हता.

घरी आल्यावर तिने ऑफिसला कळवलं आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. लेथवाल्याकडे जाऊन तुटक्या स्टडचं रुतलेलं टोक काढून घेतलं. चारही स्टड नवे करून घेतले, कारण बाकीच्या दोघांवरही तिचा विश्वास नव्हता. आईला फोनवर म्हणाली, "स्टड जुने होते गं, एक तुटला. बरं झालं काकांकडे असताना तुटला." मी स्वयंपाकघरात भात लावत होतो.

ती अंगणात बसवायला बसली तेव्हा मी पुस्तक घेऊन बाहेर गेलो.

"वाचू?"

"नको काका, मोबाईलवर आहे माझ्या." मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "बसा ना पण. खुर्ची आणा."

मी खुर्ची आणली. तिने आट्यांना ग्रीस लावलं, बोटाने जादाचं पुसलं, पान्याची मूठ फिरवली. या वेळी मी मुठीकडे बघितलं. ती बाराच्या बरीच खाली थांबली. किती खाली ते मी विचारलं नाही. तो आकडा आता मागून घ्यायचा हक्क मला आहे असं वाटत नव्हतं. प्रत्येक नटाला एकदाच टक झालं, ती थांबली, पुढच्या नटाकडे गेली. तिच्या बापाच्या मानेवर जसा घाम यायचा तसाच तिच्या मानेवर आला होता. मला रडू आलं. वर्षभरात नीट आलं नव्हतं ते तिथे आलं. तिने मागे वळून बघितलं नाही, आणि मला वाटतं ते मुद्दाम.

मी दादाचा शोक करत होतो असं मी वर्षभर समजत होतो. त्यात बराच भाग माझ्या खुर्चीचा होता, हे त्या अंगणात कळलं. तो गेल्यावर त्याच्या मुलीच्या वाटेवरचा एक नट माझ्याकडे आला, आणि मी तो सांभाळायच्या ऐवजी माझं नाव सांभाळलं.

सकाळी ती ताम्हिणीच्या रस्त्याने गेली. दुपारी पोहोचल्याचा फोन आला.

गाडी आता पुण्याला आहे आणि चालते. पुतणी रविवारी फोन करते, माझ्या गुडघ्याचं विचारते, कॉलेजचं विचारते. गाडीचं बोलत नाही. मीही विचारत नाही. वहिनींना तिने काही सांगितलेलं नाही. त्या मी लिहिलेलं सगळं वाचतात.